फिक्याची बाजू

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि एक रिकामी खोली डोळ्यांसमोर आणा. खाट नाही, कपाट नाही, खिडकीला पडदासुद्धा नाही. भेगांत लांबीचा लेप भरून, घासून गुळगुळीत केलेल्या चार भिंती तेवढ्या आहेत. फरशीवर जुनी वर्तमानपत्रे पसरली आहेत. मधोमध पांढऱ्या रंगाची बादली आहे आणि त्या बादलीत एक लाकडी काठी तिरकी उभी आहे. दिसली? ती मी.

मी एक जुनी काठी आहे, रंग ढवळायची. माझ्याकडे कोणी मान वळवून पाहत नाही. भिंत छान दिसली की लोक रंगाचे कौतुक करतात, फार तर रंगाऱ्याचे. काठीचे कोण करणार? पण मित्रांनो, रंग नुसता ठेवला तर जड भाग तळाशी जाऊन बसतो आणि पाणी वर राहते. मग कोणालातरी तळापर्यंत जाऊन दोघांची गाठ घालून द्यावी लागते. ते काम मी जन्मभर केले.

माझा जन्म एका नव्या घराच्या अंगणात झाला. सुतार सागवानी दाराची चौकट करत होता आणि मी तिच्यातून उरलेला हातभर लांबीचा तुकडा होते. शेगडीतच जाणार होते. तेवढ्यात भिंती रंगवायला आलेल्या एका तरुण रंगाऱ्याने मला उचलले.

"हे घेऊ का?" त्याने विचारले.

"घे की. दात कोरणार आहेस?" सुतार म्हणाला.

"नाही, रंग ढवळणार आहे. जरा रंधा मारून दे."

सुताराने हसत हसत रंधा मारला आणि माझी दोन्ही टोके वल्ह्यासारखी चपटी करून दिली. रंगाऱ्याने मग खिशातून चाकू काढला आणि माझ्या एका टोकाजवळ एक खाच पाडली. मला दुखले, आणि हा माणूस असे का करतो आहे ते मला कळेना. नंतर कळले. खाचेचे टोक गडद रंगांसाठी आणि बिनखाचेचे टोक फिक्या रंगांसाठी होते. साईच्या रंगाच्या बादलीत विटकरी रंगाचा एवढासा ओघळ गेला, तरी सगळी बादली वाया जाते. म्हणून मला बुडवण्याआधी तो प्रत्येक वेळी अंगठ्याने माझे टोक चाचपायचा. त्यासाठी त्याला खाली बघावेही लागत नसे. "ही फिक्याची बाजू," तो स्वतःशीच म्हणायचा, आणि मग मी रंगात उतरायची.

माझा रंगारी मापाने रंग करत नसे. पांढऱ्या रंगात मिसळायला घट्ट अर्काच्या लहान बाटल्या मिळतात. रंगारी लोक त्याला स्टेनर म्हणतात. इतर रंगारी बाटलीच्या टोपणाने मोजून स्टेनर टाकत. हा मात्र बादली उजेडात धरायचा, एक डोळा बारीक करायचा आणि म्हणायचा, "अजून एक थेंब." मी ढवळायची. पुन्हा बघणे, पुन्हा "अजून एक थेंब." बरोबरीच्या लोकांनी त्याचे नावच थेंब्या पाडले. त्यातला एक फार उंच होता. त्याला सगळे लंबू म्हणत. "थेंब्या, भिंत म्हातारी होईल रे तुझा रंग तयार होईपर्यंत!" असे तो शिडीशिवाय छताला ब्रश लावत ओरडायचा.

थेंब्याची आणखी एक रीत होती. घरमालकाने रंग सांगितला, की तो भिंतीवर दोन पट्टे ओढायचा, एक फिका आणि एक गडद. मग सामान आवरून सरळ घरी जायचा. "आत्ताच हो म्हणू नका," तो मालकाला बजावायचा. "ओला रंग खोटं बोलतो. वाळू दे, सकाळी बघा, दुपारी बघा, दिवा लावून बघा. मग मला सांगा." काही लोक वैतागत. पण नंतर तेच लोक शेजाऱ्यांना त्याने रंगवलेले घर दाखवायला घेऊन येत.

एकदा एका बाईंनी फुटलेल्या बशीचा तुकडा आणला आणि अगदी असाच रंग हवा, असा हट्ट धरला. थेंब्याने अर्धी सकाळ मला गरगर फिरवले. भिंत रंगवून वाळल्यावर त्याने तो तुकडा भिंतीलाच चिकटवला आणि म्हणाला, "बाई, तुमचा तुकडा घ्या." बाई बघत राहिल्या. तुकडा दिसेचना! शेवटी त्यांना भिंतीवरून हात फिरवून तो शोधावा लागला. त्या दिवशी थेंब्याने घरी जाताना मला पिशवीत न टाकता हातात धरून नेले. माझ्या वाट्याला आलेले ते सर्वांत मोठे कौतुक.

पण मला सांगायचे आहे ते त्याच्या राहत्या घरातल्या खोलीबद्दल. त्याची बायको शिवणकाम करायची. एका खोलीत तिचे शिवणयंत्र होते. त्या खोलीला निळा रंग द्यायचा ठरले आणि थेंब्याने रीतीप्रमाणे दोन पट्टे ओढले, एक फिका निळा आणि एक गडद निळा. त्याला मनातून गडद आवडला होता. पट्टे वाळू दिले. दुसऱ्या दिवशी तिने सुई आणि काळा दोरा घेतला आणि आधी गडद पट्ट्यासमोर धरून दोरा ओवायला लागली. जमेना. मग ती फिक्या पट्ट्यासमोर सरकली. दोरा पहिल्या झटक्यात ओवला गेला.

"इथे सुईचं नाक दिसतं," ती म्हणाली. "हा घ्या. आणि अहो, उगाच अजून एक थेंब टाकू नका!"

त्याने नाही टाकला. अख्ख्या आयुष्यात फक्त त्या एका बादलीच्या वेळी तो दुसऱ्याच्या सांगण्यावरून थांबला असेल. त्यानंतर ती खोली जितक्या वेळा रंगवली, तितक्या वेळा तोच फिका निळा लागला. त्याने काम सोडले, तेव्हा शेवटचा ब्रशही त्याच खोलीत फिरला. त्यामुळे माझ्या फिक्याच्या बाजूवर सगळ्यांत वरचा थर तिच्या खोलीचा होता.

मग एका वर्षी ती आजारी पडली आणि गेली. यंत्रावर अर्धवट शिवलेला फ्रॉक तसाच राहिला. घर भाड्याचे होते, ते सोडावे लागले. थेंब्याने शिड्या, ब्रश, बादल्या, सगळे नव्या रंगाऱ्यांना देऊन टाकले. मला मात्र त्याने स्वेटरमध्ये गुंडाळून ट्रंकेत ठेवले आणि तो लेकीच्या घरी राहायला आला.

ट्रंकेत फार अंधार होता मित्रांनो. मला ओलेपणाची सवय. मी सुकत गेले, एका बाजूने जराशी तडकलेसुद्धा. ट्रंकेच्या पत्र्यातून घरातले आवाज तेवढे ऐकू यायचे. लेक त्याला अण्णा म्हणायची. तो फारसा बोलत नसे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आल्यावर लेकीने विचारले, "काय म्हणाले डॉक्टर?"

"काचबिंदू आहे म्हणाले. थेंब दिलेत. टाकले की झालं."

डॉक्टर एवढेच म्हणाले नव्हते. डोळ्याच्या मागची नस सुकत चालली आहे, गेलेली नजर परत यायची नाही, असलेली सांभाळायची, असेही म्हणाले होते, हे मला पुढे कळले. ते त्याने लेकीला सांगितले नाही. आणि डोळ्यांतून माणसाचे रंगही हळूहळू निसटत जातात, हे तर त्याला स्वतःलाही कळले नव्हते. निसटणारा रंग जाताना आवाज करत नाही.

त्या घरात त्याची नात होती. ती एका जागी उभी राहायची नाही. बोलतानाही गोल गोल फिरायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. घराच्या मागच्या बाजूला अडगळीची खोली होती. ती रिकामी करून आजोबांना आणि भिंगरीला द्यायचे ठरले. भिंगरीला आपली खोली मिळणार म्हणून ती घरभर नाचली.

"आजोबा, आपल्या खोलीला रंग तुम्हीच द्यायचा हं!"

"कुठला देऊ?" आजोबांनी विचारले.

"निळा!"

"फिका की गडद?"

भिंगरी फिरायची थांबली. "फिका. आजीच्या खोलीचा. तोच." सुट्टीत ती त्या खोलीत, यंत्राच्या खाली, चिंध्यांच्या ढिगाऱ्यात बसून दुपार काढायची. तो रंग तिला पाठ होता.

ट्रंकेचे झाकण धाडकन उघडले. आजोबांचा हात स्वेटरात शिरला, मला बाहेर काढले, आणि तो ओळखीचा अंगठा माझ्या टोकावरून फिरला. "ही फिक्याची बाजू," ते म्हणाले. आजी गेल्यापासून त्यांच्या आवाजात एवढा जीव मी ऐकला नव्हता. आजोबा गुणगुणत होते! स्वयंपाकघरातून भिंगरीची आई ओट्यावरचे काम टाकून दारात येऊन उभी राहिली आणि पदराला हात पुसत नुसती ऐकत राहिली.

पांढऱ्या रंगाची बादली खिडकीशी आली. स्टेनरचे थेंब पडू लागले आणि मी फिरू लागले. काही वेळाने रंगाला तो ओळखीचा निळा आला. आजीच्या खोलीचा, अगदी तोच. मला तो ओळखायला डोळे लागत नाहीत, तो माझ्या अंगावरच होता. झाले, आता थांबा, असे मला म्हणावेसे वाटले. पण काठीला कुठे बोलता येते?

आजोबांनी एक डोळा बारीक केला. मान तिरकी केली. "अजून पांढराफटक दिसतोय," ते पुटपुटले. "अजून एक थेंब."

मग आणखी एक. मग आणखी एक. त्यांच्या मनात आजीची खोली लख्ख होती, बादलीतला रंग तिच्या जवळही येत नव्हता. ते टाकत राहिले आणि मी फिरत राहिले. बादलीतला निळा सांजावल्यासारखा गडद झाला, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा उजळला. "आला! हा बघ आला." मग त्यांनी दुसऱ्या डब्यात, निव्वळ रीत म्हणून, त्याहून गडद रंग केला. तो तर पाटीसारखा काळा झाला होता.

दोन पट्टे भिंतीवर ओढले गेले. आजोबांनी हाक मारली, "भिंगरी, ये! फिका की गडद, सांग बघू."

भिंगरी धावत आली आणि दारातच थबकली. भिंतीवर एक गडद निळा पट्टा होता आणि एक जवळजवळ काळा. फिका कुठेच नव्हता. तिने आजोबांकडे पाहिले. त्यांच्या भुवईवर रंगाचा शिंतोडा होता. ते हसत होते, बक्षीस घ्यायला उभे राहिलेल्या मुलासारखे.

"जमला ना गं? आजीचाच ना?"

रीत अशी होती, की ओल्या रंगाला हो म्हणायचे नाही. भिंगरीला ती रीत ठाऊक होती, आजोबांनीच सांगितली होती. पण त्यांचा तो चेहरा बघून ती म्हणाली, "हो आजोबा. अगदी आजीचाच."

मित्रांनो, तिने हे प्रेमापोटीच म्हटले. मी तिला दोष देत नाही. पण त्या एका होकाराचा हात धरून सगळी खोली रंगली.

आजोबा कितीतरी दिवस राबले. पहिला हात, मग घासणे, मग दुसरा हात. कडा इतक्या सरळ, की पट्टी लावून बघावी. संध्याकाळी भिंगरीचे पप्पा कामावरून आले, खोलीत डोकावले आणि त्यांनी आ वासला. "अण्णा, हा तर..." एवढेच ते बोलले. भिंगरीने त्यांच्या शर्टाचे टोक जोरात ओढले.

"हा तर काय?" आजोबांनी वळून विचारले.

"हा तर... फारच छान झालाय," पप्पा म्हणाले.

आईने पडदे बदलले. खिडकीला पांढरे लावले. पप्पांनी मोठा बल्ब आणला.

"एवढा मोठा कशाला? फिक्या खोलीत लहान दिवासुद्धा पुरतो," आजोबा म्हणाले.

"भिंगरीच्या अभ्यासाला," पप्पांनी सांगितले. मग स्वयंपाकघरात येऊन हळूच आईला म्हणाले, "त्या खोलीत काळं मांजर शिरलं, तर त्याला बाहेर यायला हाक मारावी लागेल."

"हळू बोला!" आई म्हणाली. ती हसली नाही.

अशा प्रकारे सगळे घर एका होकाराला धरून वागू लागले. आजोबा रोज सकाळी खाटेवर बसून भिंतीकडे पाहत आणि म्हणत, "आजीचाच ना गं?" भिंगरी म्हणायची, "हो." दर वेळी तो हो आधीपेक्षा बारीक व्हायचा. ती त्या खोलीत फिरायची बंद झाली. अभ्यास स्वयंपाकघरात घेऊन बसायला लागली.

"माझं घोरणं ऐकू येतं वाटतं तुला," आजोबा एकदा हसून म्हणाले. हसले खरे, पण नंतर बराच वेळ ते मला कपड्याने पुसत बसले. माझ्या अंगावर पुसण्यासारखे काही नव्हते.

मग एक दिवस लंबू आला. तोही आता म्हातारा झाला होता, पाठीत वाकला होता, तरी दाराच्या चौकटीला डोके आपटायची सवय गेली नव्हती. दोघे मित्र खूप दिवसांनी भेटले.

"चल, खोली दाखवतो," आजोबा म्हणाले. "आमच्या हिच्या खोलीचा रंग दिलाय. तोच फिका निळा, आठवतो ना?"

लंबू खोलीत शिरला आणि त्याने चारी भिंतींवरून नजर फिरवली. त्याला कोणी काही सांगून ठेवलेले नव्हते.

"काय थट्टा करतोस रे थेंब्या? हा फिका? अरे, दिवसाढवळ्या रात्र झाली इथे!"

आईच्या हातातल्या चहाच्या कपांचा तेवढा आवाज झाला. लंबूने एकेकाच्या तोंडाकडे पाहिले आणि त्याला कळले. "नाही म्हणजे... वाईट नाही हं," तो चाचरत म्हणाला, "उन्हाळ्यात गार वाटेल." पण बाण सुटला होता. त्याने चहा उभ्या उभ्याच घेतला. जाताना तो आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून उगाचच थांबला.

आजोबांनी मला उचलले आणि खिडकीशी नेले. अंगठ्याने टोक चाचपले. खाच नव्हती, म्हणजे ती फिक्याची बाजू. त्यांनी ते टोक डोळ्यांच्या अगदी जवळ नेले, पापणीला टेकेल इतके. जन्मभर ज्या टोकाला त्यांनी गडद रंगाचा स्पर्श होऊ दिला नव्हता, ते टोक त्यांनी स्वतःच्या हाताने गडदात बुडवले होते.

"भिंगरी, तुला दिसत होतं?"

भिंगरीने मान हलवली. तिचे हलणे त्यांना नीट दिसले नसावे. "बोलून सांग," ते म्हणाले.

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो. पण आजोबा, तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं," आजोबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर बरे झाले असते. "पण तू सांगितलं असतंस, तर मला तू तरी उरली असतीस. आता मी कुणाला विचारू?"

त्यांनी मला कपाटाच्या वर ठेवून दिले आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

त्या दिवसापासून त्यांनी विचारणेच सोडले. पूर्वी सकाळी म्हणायचे, "भिंगरी, हा शर्ट धुतलेला की कालचा?" आता हाताला येईल तो घालत. एकदा दोन पायांत दोन वेगळे मोजे होते. आई म्हणाली, "अण्णा, मोजे चुकले." तर म्हणाले, "असू दे." पप्पा म्हणाले, "आज तब्येत छान दिसतेय अण्णा." तर म्हणाले, "बरं." चांगले सांगा, वाईट सांगा, त्यांना दोन्ही सारखेच झाले होते. त्यांनी रंग गमावला तो डोळ्यांमुळे. पण माणसांच्या बोलण्यावरचा विश्वास त्यांनी घरच्यांमुळे गमावला, हे घरातल्या प्रत्येकाला कळत होते आणि त्यावर बोलायला कोणीच पुढे होत नव्हते.

मी कपाटावर धूळ खात पडले होते. वरून मला ते दोघे दिसायचे. एक खाटेवर, एक दारात. दारातली आत यायची नाही आणि खाटेवरचे बोलवायचे नाहीत.

मित्रांनो, मी काठी आहे. तळाशी बसलेले वर आणणे एवढेच मला येते. माझे तुमच्याकडे एक मागणे आहे. घरातले जुने माणूस तुम्हाला काही विचारील, तेव्हा त्याला गोड वाटेल असे उत्तर शोधू नका. त्याचा हात धरा, जवळ बसा, आणि जे दिसते ते सांगा. त्याची नजर कमी झाली असेल, कान कमी झाले असतील. तुमचा शब्द त्याला नजरेसारखा वापरायचा असतो. तो खोटा निघाला, तर तो माणूस खरोखर अंधारात पडतो.

आता भिंगरीने पुढे काय केले, तेवढे सांगते.

रविवारी दुपारी तिने स्टूल आणले आणि मला खाली काढले. फ्रॉकला पुसले. मग पत्र्याच्या पट्टीने माझ्या फिक्याच्या बाजूवरचा गडद थर हळूहळू खरवडायला लागली. मला गुदगुल्या झाल्या आणि थोडे दुखलेही. एक पापुद्रा सुटला आणि त्याच्याखाली नखाएवढा फिका निळा दिसला. आजीच्या खोलीचा. भिंगरी त्याच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले, पण तिने खरवडणे थांबवले नाही.

मग तिने एका वाटीत उरलेला पांढरा रंग घेतला, स्टेनरची बाटली घेतली, आणि आजोबांच्या खाटेशी जाऊन जमिनीवर बसली.

"आजोबा, मी खोटं बोलले होते. रोज बोलत होते."

आजोबांनी कूस बदलली नाही.

"काठीवर आजीचा रंग सापडलाय. मी तो बघून परत करणार आहे. पण मला येत नाही. तुम्ही सांगा, मी बघते."

मग खाट करकरली. आजोबा उठून बसले, पण त्यांचे तोंड अजून भिंतीकडेच होते.

"टाक एक थेंब," ते म्हणाले. "ढवळ. तळापासून ढवळ, नुसती वर वर भिरभिरू नकोस."

ती ढवळू लागली. आणखी एक थेंब टाकला.

"आता लावून बघ. भिंतीवर नको. गडद भिंतीवर कुठलाही रंग पांढराच वाटेल. पुठ्ठ्यावर लाव."

भिंगरीने वहीच्या कव्हरचा पांढरा पुठ्ठा फाडून त्यावर पट्टा ओढला.

"झाला का गं?" आजोबांनी विचारले. त्यांच्या आवाजात मोठी सावधगिरी होती, पाय ठेवण्याआधी जमीन चाचपावी तशी.

"थांबा आजोबा," भिंगरी म्हणाली. "ओला आहे अजून."

दोघे थांबले. आजोबा गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते आणि भिंगरी मांडी घालून, जराही न फिरता. खिडकीतले ऊन पुठ्ठ्यावरून सरकत गेले आणि पट्टा वाळला. मग तिने मला उचलले आणि माझे खरवडलेले टोक पुठ्ठ्यालगत धरून उजेडात नेले. पट्टा फार जवळ आला होता. इतका जवळ, की हो म्हटले असते तर लंबूलासुद्धा कळले नसते. आणि मला कळत होते, की तिला हो म्हणायचे होते. आजोबांचा चेहरा पहिल्यांदाच तिच्याकडे वळला होता.

"जमला?"

भिंगरीने पुन्हा एकदा पाहिले. मग ती आजोबांच्या अगदी जवळ जाऊन बसली, त्यांचा हात तिने आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, "नाही आजोबा. अजून नाही जमला. आजीचा यापेक्षा थोडा जास्त निळा होता."

आजोबांच्या डोळ्यांतून पाणी आले, ते त्यांनी पुसले नाही. दुसऱ्या हाताने त्यांनी फरशीवर चाचपत स्टेनरची बाटली शोधली आणि ती तिच्याकडे सरकवली.

"मग अजून एक थेंब," ते म्हणाले.

भिंगरीने एक थेंब टाकला. मग तिने मला उचलले, खाली न बघता अंगठ्याने माझे टोक चाचपले, आणि फिक्याची बाजू वाटीत बुडवली.